सायकलचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन : पूर्ण खोलून परत कसं बांधायचं आणि त्यातून जास्तीचा दम कसा काढायचा

सायकलच्या फ्रेममधे बसणारं चायनीज किटचं इंजिन घेतलं की लोक सगळ्यात आधी मोठा कार्ब (कार्ब्युरेटर, हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि वाजणारा सायलेन्सर शोधायला लागतात. माझं स्पष्ट मत आहे की या इंजिनात अर्धी ताकद कंपनीतूनच गळत असते, म्हणजे पॅकिंगमधून, सीलमधून, हेडच्या वाकड्या तोंडातून. ती गळती बंद केली आणि सगळं मापात बसवलं की इंजिन ओळखू येत नाही. म्हणून या लेखात क्रम असा ठेवलाय: आधी हवाबंद करायचं, मग माप घ्यायचं, आणि मग हवं असेल तरच घासकाम, म्हणजे इंजिनातले गॅसचे रस्ते घासून मोठे करणं.

थोडं इंजिनबद्दल. किटवर "८० सीसी" लिहिलेलं असतं ते खरं नाही. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३८ मिमी, हिशोब केला तर ६६ सीसी भरतात (काही किटमधे स्ट्रोक ४० असतो, ते ६९ पर्यंत जातं). छोटं इंजिन ४० बाय ३८ चं, म्हणजे ४८ सीसी. दोन्हीत व्हॉल्व्ह नाही, रीड (एकाच दिशेला उघडणारी पट्टी) नाही, पिस्टनच वर-खाली होताना इनटेक (मिक्श्चर आत यायची), ट्रान्सफर (खालच्या केसमधून वर जायची) आणि एक्झॉस्टच्या (जळलेला गॅस निघायची) खिडक्या उघडतो-झाकतो. त्यामुळे पिस्टनची उंची, खिडकीची कड आणि पॅकिंगची जाडी या तीन गोष्टींवरच इंजिनचा सगळा स्वभाव ठरतो.

कायद्याचं पण आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मधे चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंत इंजिन असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत. ४८ काय नि ६६ काय, दोन्ही त्याच्या वर, म्हणजे रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, लायसन्स सगळं लागतं आणि घरी लावलेल्या किटला ते मिळणं जवळपास अशक्य. तेव्हा ही गाडी शेतावर, स्वतःच्या प्लॉटवर, बंद आवारातच चालवा.

खोलायच्या आधी गळती शोधा

ही टेस्ट कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. सायलेन्सर काढा, एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा ठेवून त्यावर पट्टी दाबून नट आवळा. इनटेकला पण तसंच. एका जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून काढा, आत तांब्याची बारीक नळी झाळून घ्या आणि तो प्लगच्या जागी लावा. नळीला बीपी मोजायच्या जुन्या मशीनचा फुगा आणि काटेवाला गेज जोडा. पिस्टन अगदी खाली आणा म्हणजे ट्रान्सफरच्या खिडक्या उघड्या राहतात आणि हवा खालच्या केसमधे पण जाते. आता फुगा दाबून काटा ३०० वर न्या, म्हणजे जवळपास ६ पीएसआय झाले, त्याच्या वर जाऊ नका नाहीतर सीलचे ओठ उलटतील. पाच-सहा मिनिटं काटा जागेवर राहिला तर इंजिन हवाबंद आहे. पडायला लागला तर साबणाचं पाणी ब्रशने लावत जा, हेडचं पॅकिंग, ब्लॉकच्या (म्हणजे सिलिंडरच्या) खालचं पॅकिंग, केसचा मधला जोड, इनटेकचं तोंड, आणि मॅग्नेटचं कव्हर काढून तिथलं ऑइल सील. बुडबुडे जिथे येतील ते कागदावर लिहून ठेवा.

टू-स्ट्रोकमधे खालच्या केसमधे पण हवा ओढली जाते, त्यामुळे मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की तिथून कोरडी हवा आत येते, मिक्श्चर पातळ होतं, अ‍ॅक्सिलेटर सोडला तरी इंजिन ओरडत राहतं आणि शेवटी पिस्टन जॅम. लोक अशा वेळी जेट (कार्बमधली पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी) बदलत बसतात. सील तपासल्याशिवाय जेटला हात लावू नये.

खोलताना

इंजिन पूर्ण थंड असू द्या, टाकी वेगळी काढून ठेवा, पेट्रोलजवळ आग नको. चेन, क्लच केबल, कार्ब, सायलेन्सर, वायरी सोडवा आणि प्रत्येक वायरचा फोटो काढा. हेडचे चार नट एकदम सोडू नका, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जा, नाहीतर पातळ हेड वाकतं. ब्लॉक वर उचलायच्या आधी खाली कापड कोंबा, कारण गजन पिनचं (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणारी पिन) लॉक केसमधे पडलं तर सगळी केस उघडावी लागते.

क्लचच्या बाजूला छोटा गिअर पुलरनेच काढायचा, किटबरोबर बहुतेक वेळा छोटा पुलर येतोच. क्रँकच्या टोकावर हातोडी कधीच मारू नये, दाबून बसवलेला क्रँक असतो तो, एका फटक्यात वाकडा होतो आणि मग आयुष्यभर थरथरतो. या बाजूच्या गिअरच्या खोलीत ऑइल नसतं, थोडं ग्रीस असतं. तिथे पेट्रोलचा वास आला किंवा ग्रीस पातळ झालेलं दिसलं तर त्या बाजूचं सील गेलं असं समजा.

काय ठेवायचं, काय टाकायचं

ब्लॉकमधे आधी लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटला तर आत लोखंडी लायनर आहे, ते होनिंग (दगडाने आतून बारीक घासणं) करता येतं, मोठा पिस्टन मिळाला तर बोअर पण करता येतं. चिकटला नाही तर अ‍ॅल्युमिनियमवर क्रोमचा मुलामा आहे, बहुतेक किटमधे हेच असतं. अशा ब्लॉकला होनिंगचा दगड लावू नका. खिडक्यांच्या कडेला क्रोम सुटून आतलं पांढरं अ‍ॅल्युमिनियम दिसत असेल तर ब्लॉक बदला, त्यावर कुठलीही कारागिरी चालत नाही. आणि क्रोमच्या ब्लॉकमधे क्रोमची रिंग घालू नये, साधी बिडाची रिंगच हवी.

पिस्टनवर उभे ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर तो तापून घासलाय. चारही बाजूंनी असतील तर ऑइल कमी पडलं किंवा फिटिंग आवळ होतं. गजन पिनमधलं सुयांचं बेरिंग मात्र दिसायला चांगलं असलं तरी बदला, किटमधलं हे सगळ्यात कच्चं सामान, पिन १० मिमीची असते, ती दुकानात घेऊन जा आणि चांगल्या कंपनीचं घट्ट बसणारं बेरिंग मागा.

कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली ओढा, जराही खट् झालं तर खालचं बेरिंग गेलं. डावी-उजवीकडे थोडी हलली तर चालतं. क्रँकची बेरिंगं हाताने फिरवून बघा, खरखर लागली की नवीन. जुन्या बेरिंगवरचा नंबर वाचून तोच घ्यायचा, बहुतेक ठिकाणी ६२०२ असतो, फक्त सी-३ मागा, म्हणजे गरम झाल्यावर गोळ्यांना जागा राहते. बसवताना केस १०० अंशापर्यंत तापवा, बेरिंग तासभर फ्रीझरमधे ठेवा, अलगद खाली बसतं, ठोकावं लागत नाही. दोन्ही ऑइल सील नवीन, त्यात वाद नाही.

क्रँक सरळ आहे का हे लेथवाल्याकडे दोन सेंटरमधे धरून डायल लावून बघून घ्या. ०.०५ मिमीच्या आत फिरायला हवा, जास्त असेल तर पितळी हातोडीने सरळ करणारा माणूस शोधा. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मधे लूना आणली, तेव्हापासून गावोगावी लूनाची इंजिनं खोलणारे मेकॅनिक तयार झाले, त्यातले काहीजण अजून गॅरेजवर बसतात आणि दाबून बसवलेला क्रँक म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. अशा काकांना गाठा, पैसे थोडे जास्त घेतले तरी द्या.

माप घेणं

आता मजा सुरू होते. एक गोल कोनमापक क्रँकच्या टोकाला लावा (३६० अंशाचा प्रिंट काढून पत्र्यावर चिकटवला तरी चालतो) आणि केसला एक तार बांधून काटा करा. पिस्टन अगदी वर कधी असतो हे डोळ्याने कळत नाही, म्हणून दुसऱ्या जुन्या प्लगमधे बोल्ट बसवून तो प्लगच्या जागी लावा, पिस्टन त्याला टेकेपर्यंत एका बाजूला फिरवा, आकडा लिहा, मग उलट फिरवून टेकवा, आकडा लिहा. दोन्हीचा मध्य म्हणजे टॉप. कोनमापकाचं शून्य तिथे आणा आणि बोल्टचा प्लग काढून टाका.

मग प्रत्येक खिडकी कधी उघडते ते बघा. एक्झॉस्ट टॉपनंतर १०० अंशावर उघडत असेल तर १८० मधून १०० गेले ८०, त्याचे दुप्पट १६०, इतके अंश ती उघडी राहते. ट्रान्सफर १२१ ला उघडत असेल तर ११८ अंश. दोन्हीतला फरक २१ अंश, एवढ्या वेळात जळलेला गॅस निघून प्रेशर पडायला हवं, नाहीतर तो ट्रान्सफरमधून खाली केसमधे घुसतो. इनटेक टॉपच्या ६८ अंश आधी उघडत असेल तर एकूण १३६.

माझ्या मते सायकलसाठी एक्झॉस्ट १५५ ते १६२, ट्रान्सफर ११५ ते १२०, इनटेक १३० ते १४० याच्या पुढे जाऊ नये. याच्यावर गेलं की ताकद फक्त वरच्या आरपीएमवर मिळते आणि खाली इंजिन मेल्यासारखं होतं, आणि या क्रँकला नि रॉडला वरचे आरपीएम झेपतच नाहीत.

घासकाम, म्हणजे पोर्टिंग

सगळ्यात आधी फुकटचा फायदा उचला. पिस्टन अगदी खाली नेऊन एक्झॉस्टच्या खिडकीतून बघा, बऱ्याच किटमधे पिस्टनचं डोकं खिडकीच्या तळापेक्षा वरच थांबतं, म्हणजे खिडकीचा खालचा भाग कधी उघडतच नाही. काही ब्लॉकमधे उलट, तळ पिस्टनच्या वर राहिलेला असतो. असा तळ असेल तर तो पिस्टनच्या डोक्याच्या रेषेपर्यंत खाली घ्या. याने टायमिंग एक अंशानेही बदलत नाही, फक्त रस्ता मोठा होतो. तसंच पिस्टन टॉपला असताना इनटेकमधून बघा, पिस्टनचं खालचं शेपूट खिडकीत लोंबकळत असेल तर तेवढंच कापा, एका वेळी अर्धा मिलिमीटर, परत बसवून परत अंश मोजून. कापलेलं परत जोडता येत नाही.

ब्लॉक घासताना टूल बोअरच्या आतून खिडकीच्या बाहेरच्या दिशेने चाललं पाहिजे, म्हणजे क्रोम मागच्या अ‍ॅल्युमिनियमवर दाबला जातो. उलट दिशेने ओढलंत तर क्रोमचे पापुद्रे उचकटतात आणि ब्लॉक गेला. रुंदी एक्झॉस्टला बोअरच्या ६२ टक्क्यांपर्यंतच, ४७ ला म्हणजे २९ मिमी, त्याहून रुंद केली की रिंग खिडकीत फुगते आणि अडकते. वरची कड सपाट न ठेवता थोडी कमानीसारखी ठेवा, आणि शेवटी सगळ्या कडांना अर्धा मिमीची चांफर (तिरकी घासलेली कड) बारीक पॉलिश पेपरने हाताने मारा. रिंगचं आयुष्य या चांफरवर आहे, घाईत नेमकं हेच राहून जातं.

ट्रान्सफरची उंची वाढवू नका. पण ब्लॉकच्या खाली, केसला जिथे ट्रान्सफरचा रस्ता जुळतो, तिथे पॅकिंग आणि केस दोन्हीकडे पायरी राहिलेली असते. पॅकिंग ब्लॉकवर ठेवून मार्करने कड आखा, केस त्या रेषेपर्यंत घासा, पॅकिंग ब्लेडने कापा. इनटेकच्या नळीचं तोंड आणि सायलेन्सरचं तोंड पण असंच जुळवा. आरशासारखं पॉलिश करायची गरज नाही, पायरी गेली की काम झालं.

घासकामानंतर ब्लॉक रॉकेलने, मग साबणाच्या गरम पाण्याने धुवा, पांढरं कापड आत फिरवा, कापड काळं निघतंय तोपर्यंत धूत राहा. धुतल्यावर लगेच ऑइल लावा.

हेड आणि स्क्विश

हेडचं तोंड काचेवर ठेवलेल्या २२० च्या पॉलिश पेपरवर आठच्या आकड्यासारखं फिरवा, मग ४००, मग ६००. सगळीकडे एकसारखा रंग आला की तोंड सपाट झालं. ब्लॉकचं वरचं तोंड पण स्टड काढून असंच करता येतं.

मग स्क्विश, म्हणजे पिस्टन टॉपला असताना त्याची कड आणि हेड यांच्यात उरलेली फट. दीड मिमीची मऊ सोल्डर तार गजन पिनच्या दोन्ही टोकांच्या रेषेत पिस्टनवर ग्रीसने चिकटवा, हेड पॅकिंगसकट पूर्ण आवळा, क्रँक हाताने एक फेरी फिरवा, हेड काढा आणि दबलेल्या तारेची टोकं व्हर्नियरने मोजा. किटच्या इंजिनात बऱ्याचदा १.२ च्या वर निघते. मी ०.७ ते ०.८ ठेवा म्हणेन. फट कमी करायला हेडचं किंवा खालचं पॅकिंग पातळ करायचं, पण खालचं पातळ केलं की ब्लॉक खाली येतो, एक्झॉस्ट-ट्रान्सफरचे अंश कमी होतात, इनटेकचे वाढतात, म्हणून अंश परत मोजा. पॅकिंग अर्धा मिमी पातळ केलं तर ४७ च्या बोअरला ०.८७ सीसी जागा कमी होते, आणि पूर्ण जागाच ८ सीसीच्या आसपास असेल तर हा फरक चांगलाच मोठा आहे. शेवटी कॉम्प्रेशन गेजवर १२० ते १३० पीएसआय, बस. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला उन्हाळ्यात याहून जास्त देऊ नका.

बांधणी

रिंग नुसती ब्लॉकमधे घालून पिस्टनने सरळ ढकला, तोंडातली फट फीलर गेजने बघा, ०.१५ ते ०.२५ मिमी हवी. कमी असेल तर बारीक कानसने, अर्धा मिमीच्या वर असेल तर नवीन रिंग. पिस्टन आणि बोअरमधे ०.०४ ते ०.०६. पिस्टनवर रिंग अडवणारे बारीक खिळे असतात, ते बहुतेक कार्बच्या बाजूला येतात, पण तपासून घ्या की रिंगचं तोंड कुठल्याच खिडकीसमोर येत नाही. गजन पिनची लॉकं नेहमी नवीन, तोंड सरळ वर किंवा सरळ खाली.

पॅकिंगवर अ‍ॅनाबॉण्ड (जोड हवाबंद करणारी चिकट पेस्ट) लावायचा तर अगदी पुसल्यासारखा, आत ओघळला तर ट्रान्सफरमधे गुठळी जाते. स्टड एम-६ असतील तर १० ते १२ न्यूटन मीटर, एम-८ असतील तर १८ ते २०, तिरक्या क्रमाने तीन टप्प्यात. हाताच्या अंदाजाने आवळू नका, केसमधले आटे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. बांधून झाल्यावर बीपीच्या फुग्याची टेस्ट परत. ही पास झाल्याशिवाय पेट्रोल ओतायचं नाही.

वायरिंगचं थोडक्यात: निळी निळीला, काळी काळीला, पांढरी मोकळी ठेवून टोकाला टेप. प्लग किटमधला काढून एनजीके बी-६-एचएस लावा, फट ०.६.

पेट्रोल, ऑइल, जेट

ऑइल जासो (जपानी दर्जाची खूण) एफसी किंवा एफडी लिहिलेलंच. नवीन बांधलेल्या इंजिनाला २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली, नंतर ३२ ला १, म्हणजे ३१ मिली. किटच्या कागदावर १६ ला १ लिहिलेलं असतं, चांगल्या ऑइलला एवढं लागत नाही.

आता पंपावर ई-२० मिळतं, त्यातल्या इथेनॉलमुळे त्याच जेटवर मिक्श्चर पातळ होतं, म्हणून जेट एक नंबर मोठा धरूनच सुरुवात करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मिक्स केलेलं पेट्रोल आठवडा-दोन आठवड्यात संपवा आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कार्ब रिकामा करा. साध्या रबरी नळ्या फुगतात, चांगली नळी घ्या.

कार्बच्या सुईवर खाचा असतात, क्लिप मधल्या खाचेवर ठेवा. क्लिप खाली सरकवली की सुई वर येते आणि मिक्श्चर जाड होतं. पूर्ण अ‍ॅक्सिलेटरवर इंजिन अडखळत, फुटत चाललं तर जाड आहे, चालेल, एक एक नंबर कमी करत या. स्वच्छ आवाज आला की थांबा. मग पूर्ण अ‍ॅक्सिलेटरवर थोडं पळवून क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि प्लग काढून चिनीमातीच्या अगदी तळाशी बघा, तिथे तपकिरी कडं हवं. टोकाचा रंग बघून काही कळत नाही. तळ पांढरा असेल तर लगेच जेट वाढवा.

सायलेन्सर

एक्सपान्शन चेंबर (मधे फुगीर आणि मागे निमुळता होणारा सायलेन्सर) खरंच फरक पाडतो, पण लांबी जुळली तरच. गरम गॅसमधे लाट साधारण ५१५ मीटर सेकंदाला धावते, ती मागच्या कोनावर आपटून एक्झॉस्ट बंद व्हायच्या आत परत यायला हवी. हिशोब सोपा: ४३ गुणिले एक्झॉस्टचे अंश, भागिले आरपीएम, उत्तर मीटरमधे. १६० अंश आणि ६५०० आरपीएमला १.०६ मीटर, पिस्टनपासून मागच्या कोनाच्या मध्यापर्यंत. बाजारातले छोटे "रेसिंग" पाइप यापेक्षा बरेच आखूड असतात, म्हणजे ते अशा आरपीएमवर काम करतात जिथे हे इंजिन टिकत नाही. लांब पाइप बनवून घ्या, आणि वजन सायकलच्या फ्रेमवर टांगा, दोन स्टडवर नाही.

चालवणं आणि सायकलची बाजू

पहिले दोन-तीन लिटर अर्ध्या अ‍ॅक्सिलेटरच्या आत, वेग सतत कमी-जास्त करत, आणि चढावर पेडल मारून मदत करत. पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांनंतर, इंजिन पूर्ण गार असताना, हेडचे नट परत टॉर्कवर तपासा.

आतला गिअर ४.१ ला १, पुढे १० दात, मागे ४४, एकूण १८ ला १. २६ इंची चाकावर ६००० आरपीएमला ४१ किमी वेग येतो. मागे ३६ दात लावले तर ५०, पण चढ असेल तर क्लच जळतो, म्हणून मी ४४ च ठेवतो. मागचं चक्र स्पोकवर रबराच्या चकत्यांमधे नऊ बोल्टने धरलेलं असतं, ते एकसारखं आवळून चाक फिरवून बघा, चक्र डुलत असेल तर चेन उतरते. चेनचा टेन्शनर फ्रेमवरून घसरून स्पोकमधे गेला तर चाक जागच्या जागी लॉक होतं आणि माणूस पुढे फेकला जातो, त्याला फ्रेममधे भोक पाडून बोल्टने पक्का करा किंवा चेनची लांबी जुळवून टेन्शनरच काढून टाका. आणि रॉडचे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलवर हे इंजिन अजिबात लावू नका, पुढे डिस्क किंवा निदान व्ही-ब्रेक हवा, तो आधी बसवा आणि मगच पहिल्यांदा इंजिन सुरू करा.